काहीही न कापणारे काका

प्रत्येक घराण्यात असे एक काका असतात. नोकरीत असेपर्यंत ते ओळखू येत नाहीत. निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात पडले, की जुन्या बाजारातून एक व्हीसीआर आणि कुठून तरी एक डीव्हीडी रेकॉर्डर घरी येतो. मग समस्त गणगोताला फोन जातात, "लग्नामुंजीच्या कॅसेटी असतील तेवढ्या पाठवा. फेकल्या नाहीत ना?"

कॅसेटी येतात. माळ्यावर इतके पावसाळे काढल्यामुळे टेपवर पांढरी बुरशी. चिकटपट्टीवर नुसतं 'लग्न'; कोणाचं, ते लावल्यावर कळणार. काका पाचही स्क्रू काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फडकं भिजवून टेप पुसत बसतात. "आमच्याकडे अल्कोहोल आलं ते हे असं," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

खरी पंचाईत पुढे आहे. कॅसेट ई-१८०, म्हणजे तीन तासांची. ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जाचं चित्र मावतं दोन तास. रेकॉर्डरवर एलपीचं बटण दाबलं तर चार तासही मावतात, पण काका ते दाबत नाहीत. पंगतीत माणसं वाढली म्हणून वरणात पाणी घालावं, तसला तो प्रकार. जागा तेवढीच, मिनिटं दुप्पट. मग नवरदेव नुसता चालला तरी चौकोन चौकोन दिसतो. ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कवर अख्खं लग्न बसेल, पण तिची किंमत काकांना मान्य नाही.

राहिला एकच मार्ग, कापणं. काकू म्हणाल्या, "आहेराचा भाग काढा."

"आहेर? अगं, कोणी काय दिलं त्याचा तेवढाच पुरावा आहे!"

"मग जेवणावळ?"

त्यात आत्याच्या सासरची माणसं आहेत. कॅमेऱ्यापुढे आडवा हात धरून जिलबी खाताना ती तेवढीच दिसतात. ती उडवली तर आत्या पुढच्या कार्याला येणार नाही. शूटिंगवाल्याने गरगर फिरणाऱ्या बदामात बसवलेलं जोडपंही जात नाही, आणि शेवटची दहा मिनिटं नुसता निळा पडदा, तोही जात नाही. "न जाणो, मध्येच काही असेल."

तेव्हा लग्न दोन डिस्कवर जातं. पहिली संपते 'शुभमंगल साव' इथे. 'धान' दुसरीवर.

मुंजीच्या कॅसेटची कथा वेगळी. तिच्या कडेची टिकली मोडलेली होती, म्हणजे वरून रेकॉर्ड होऊ नये. कोणीतरी तिथे सेलोटेप चिकटवून १९९६ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल घेतली. बटू 'भवति भिक्षां देहि' म्हणतो आणि पुढच्याच क्षणी ईडन गार्डन्सवर विनोद कांबळी रडत परततो. काकांनी तेही ठेवलंय.

या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, आणि ते तिन्ही तास टीव्ही काकांच्या ताब्यात. काकूंच्या मालिकेचं काय होतं ते विचारू नये. सगळं झाल्यावर डिस्क फायनलाइझ करायची असते. नाहीतर ती दुसऱ्याच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. काका नेमके तेवढंच विसरतात. माझ्या मते मुद्दाम. कारण मग ज्याला आपलं लग्न बघायचंय त्याला काकांकडे यावं लागतं, चहा घ्यावा लागतो आणि निळ्या पडद्यापर्यंत बसावं लागतं.

हसा, पण कॅसेटी पाठवा. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली गेलेली जपानची फुनाई कंपनीही जुलै २०१६ मध्ये थांबली. काकांचा व्हीसीआर बिघडला तर नवा मिळणार नाही. आणि पाठवताना चिकटपट्टीवर कोणाचं लग्न ते लिहा.