चाकाखालचं लिंबू

जुळे सोलापुरात नवी गाडी आली की पहिला बळी लिंबाचा जातो. चारी चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आधी सिद्धेश्वर, मग तुळजापूर नाहीतर अक्कलकोट. शेजारच्या अण्णांनी हे सगळं यथासांग केलं. निवृत्तीच्या पैशातले नऊ लाख त्यांनी गाडीत घातले होते. तुळजापूरहून परतताना घाटातच गाडीनं आचके दिले, पिवळा दिवा लागला आणि मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

अमेरिकेत लिंबू चाकाखाली ठेवत नाहीत, तिथे खराब गाडीलाच लिंबू म्हणतात. कनेक्टिकट राज्यानं १९८२ साली त्याचा कायदाच केला. कॅलिफोर्नियात तर हिशेब बांधून दिलाय: पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत एकच दोष चारदा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपात पडून राहिली, की कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं धरतात. मग गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. आपल्याकडे लिंबं भरपूर आहेत, पण असा आकडा कुठल्याच कायद्यात नाही.

अण्णांच्या वर्कशॉपात सहा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पेट्रोल खराब निघालं. दुसऱ्या खेपेला सेन्सरवर धूळ निघाली. (सोलापुरात धूळ! शोध लावणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा.) तिसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर बदललं. चौथ्या खेपेला उंदरानं वायर कुरतडल्याचं कळलं, आणि उंदीर वॉरंटीत बसत नाही. पाचव्या वेळी ‘गाडी कमी चालवता, म्हणून होतंय’ आणि सहाव्या वेळी ‘गाडी फार चालली, आता एवढं होणारच’. मधल्या काळात गाडी घर ते वर्कशॉप एवढीच चालली होती. आणि वर्कशॉपच्या दारात शिरली की ती पाहुण्यांपुढे बसवलेल्या पोरासारखी शहाणी व्हायची.

“कायद्यात काय हाय बे?” अण्णांनी मला विचारलं. मी पेपरात लिहितो म्हणजे मला सगळं येतं, असा आमच्या कॉलनीचा समज आहे.

कायद्यात बरंच काही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतचा माल जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो. नऊ लाखांच्या गाडीला तक्रारीची फी २०० रुपये. तेवढ्यात गाडी धुऊनसुद्धा मिळत नाही. आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, गाडी बदलून द्यायला, पैसे परत करायला, वर भरपाईही द्यायला सांगू शकतो. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या वाक्याचा जन्म बहुधा या मुदतीच्या पोटीच झाला असावा. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. सोलापुरात नळाचं पाणी येण्याचा प्रयत्नही रोजच चालू असतो.

तपासणीचं कलम तर मला फारच आवडलं. दोष चाचणीशिवाय कळत नसेल तर मालाचा नमुना घ्यावा, सीलबंद करावा आणि प्रयोगशाळेत पाठवावा. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोडेतेलाचा डबा असणार. नऊ लाखांच्या गाडीचा नमुना कुठून काढायचा? डावं चाक? आणि तपासणीचा खर्च आयोग तक्रारदाराला आधी भरायला सांगू शकतो.

बरं, दोष सिद्ध झाला म्हणजे नवी गाडी मिळाली, असंही नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं की वॉरंटीत बिघडलेला भाग बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. म्हणजे रोज एक भाग बदलत गेलात तर वॉरंटी संपेपर्यंत नवी गाडी तयार होईल, धीर धरा. उलट २०२२ साली ह्युंदाईच्या क्रेटाचं प्रकरण आलं. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. तिथे याच न्यायालयानं गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला आणि ग्राहकानं वेग नि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही, असं सुनावलं. अण्णांना हे वाचून दाखवल्यावर त्यांचा चेहरा पडला. एअरबॅग तपासायची तर आधी कुठेतरी धडकावं लागणार.

विक्रेता आणि कंपनी ही तर वेगळीच जुळी. विकताना दोघांचा चेहरा एकच. तक्रार केली की एक म्हणतो, मी फक्त विकतो. दुसरी म्हणते, मी फक्त बनवते. गोव्यात एका विक्रेत्यानं २००९ ची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला मोकळं सोडलं: विक्रेत्याची लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवा, मग बोला. तेव्हा नोटीस दोघांनाही पाठवावी, आणि कुणाचं काय चुकलं तेही वेगवेगळं लिहावं.

पण हे सगळं ज्या कागदावर उभं राहतं तो कागद म्हणजे जॉब कार्ड. मी अण्णांना त्यांची सहाही जॉब कार्डं काढायला लावली. जॉब कार्डावर ग्राहकाचं म्हणणं लिहायला एक रकाना असतो. अण्णांनी सहा वेळा सांगितलं होतं, ‘घाटात आचके देते, पिवळा दिवा लागतो.’ सहा वेळा छापून आलं होतं, ‘जनरल चेकअप’. खाली अण्णांची वळणदार सही. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांना ‘वाचून सही करा’ सांगणाऱ्या माणसाची.

सातव्या खेपेला अण्णा काउंटरवर अडून बसले. आपलं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतल्याशिवाय किल्ली सोडली नाही. चालू गाडीच्या दिव्याचा व्हिडिओ काढला, ईमेल केला, वकिलाची नोटीस गेली, शेवटी आयोगात तक्रारही लागली.

परवा कंपनीचा लेखी जबाब आला. दोष नाकारला होताच. सोबत परिशिष्ट जोडलं होतं: प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर कंपनीकडून फोन आला असता तक्रारदारानं सातही वेळा दहापैकी दहा गुण दिले आहेत, सबब तक्रारदार पूर्ण समाधानी आहे.

मी अण्णांकडे नुसतं पाहिलं.

“तो फोनवाला पोरगा म्हणला, दहा द्या काका, नायतर पगार कापतेत,” अण्णा म्हणाले. “गरीब वाटलं बे पोरगं.”