पाण्याची परडी

शाळेच्या ॲटलासमधलं शेवटून दुसरं पान जवळजवळ सगळं निळं होतं. आमचे भूगोलाचे मास्तर त्या पानापर्यंत कधी पोचलेच नाहीत. पॅसिफिक महासागर परीक्षेला येत नसे, त्यामुळे तो वर्षभर नव्या चादरीसारखा न चुरगळता राहायचा. त्या निळ्यावर काही ठिपके होते. छापखान्यात कुणीतरी टाक झटकला असावा आणि चूक झाकण्यासाठी शिंतोड्यांना नावं देऊन टाकली असावीत, असे. बेट मोहरीएवढं आणि नाव हातभर. त्यातल्या एकाशेजारी ‘पापीट’ असं काहीतरी होतं. म्हणजे मी तसं वाचलं, आणि तो खारी-टोस्टच्या जातीतला पदार्थ असावा अशी समजूत करून घेतली. पुष्कळ वर्षांनी कळलं, की ते पापेएते. ताहिती बेटावरचं बंदर, फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी, आणि तिथल्या भाषेत नावाचा अर्थ पाण्याची परडी. तोवर माझं ठरून गेलं होतं, की आयुष्यात एकदा तिथं उतरायचं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला कुठं ‘जायचं’ नसतं, ‘उतरायचं’ असतं. चढणं देवाच्या हातात.

मग नोकरी लागली, पास निघाला, लग्न झालं, घराचे हप्ते सुरू झाले आणि फिटले. मी उतरलो तो ठाण्याला, रोज, बत्तीस वर्षं. पापेएतेला उतरण्याचा मान अखेर भाच्याने मिळवला. तो जहाजावर असतो. आमच्या नातेवाइकांत त्याच्याविषयी एवढंच बोललं जातं, ‘जहाजावर असतो’. कुठल्या समुद्रात, हा प्रश्न ‘ऑफिसात कुठल्या टेबलावर’ इतकाच किरकोळ मानला जातो. गेल्या आषाढात एका मंगळवारी सकाळी साडेआठला मी पोहे खात असताना त्याचा निरोप आला. तिकडे सोमवारची संध्याकाळ होती, पाच वाजले होते. पापेएते आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. माझ्या हातातला मंगळवार अर्धा उष्टा झाला होता आणि पोराचा सोमवार अजून मावळला नव्हता. काळाच्या बाबतीत भाचा माझ्याहून धाकटा आहे हे ठाऊक होतं, पण इतका रोकडा पुरावा पहिल्यांदाच मिळत होता.

मी निरोप लावला. मागे लाटांचा नव्हे, स्कूटरींचा आवाज. “मामा, तुम्ही उगीच एवढं डोक्यात घेतलंत. बंदरात कंटेनर, रस्त्यात ट्रॅफिक, घरांवर पत्रे. संध्याकाळी धक्क्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, त्यावर चाऊमीन. हवा तीच, घाम तोच. ठाण्यासारखंच आहे हो.”

पोहे निवले. पन्नास वर्षं जपलेलं गाव कुणी असं एका वाक्यात भाड्याने देऊन टाकावं? पण नकाशा काढून पाहिला तर पोरगा अक्षांशासकट खरं बोलत होता. ठाणं विषुववृत्ताच्या वर एकोणीस अंशांवर, पापेएते खाली साडेसतरावर. पृथ्वीची घडी मधोमध घातली, तर ही दोन गावं जवळजवळ एकाच आडव्या रेघेवर झोपतील. आणि तक्रार करणारा माझा भाचा पहिला नव्हे. चित्रकार पॉल गोगँ 1891 साली पॅरिसला कंटाळून, अस्पर्श निसर्ग शोधत पापेएतेला उतरला आणि पाहतो तो तिथंही युरोपच; तेच फ्रेंच अधिकारी, तीच चालरीत. मग काही महिन्यांनी तो मुक्काम हलवून चाळीसेक किलोमीटर लांबच्या मातायेया गावी राहायला गेला. हे वाचल्यावर गोगँ मला एकदम घरचा वाटू लागला. डोंबिवलीत आता पूर्वीसारखी शांतता राहिली नाही म्हणून बदलापूरला जागा घेणारे आमच्या इमारतीत तिघं आहेत. फक्त त्यांची चित्रं नंतर कोट्यवधींना गेली नाहीत.

त्याहून एक गोष्ट मला जास्त भिडली. पापेएतेच्या समोर, सतरा किलोमीटरांवर मोओरेआ नावाचं बेट आहे. हिरवे कातीव डोंगर, पायथ्याशी वाळू, कॅलेंडरवर शोभावं असं. तिथली कितीतरी माणसं रोज सकाळी बोट पकडून पापेएतेला कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पाऊणएक तास. म्हणजे जगभरातली माणसं कर्ज काढून जिथं मधुचंद्राला येतात, तिथला माणूस डबा घेऊन सकाळची बोट गाठण्यासाठी धावतोय. ती बोटही दोन मिनिटं उशिरा सुटत असेल. डेकवर त्यांचाही ग्रुप असेल, ठरलेल्या जागा असतील, एखाद्याच्या निवृत्तीला तेही पेढ्यांसारखं काही वाटत असतील. भाच्याने दुसऱ्या निरोपात तिथला एक शब्द कळवला: फिऊ. कंटाळा, वीट, आता पुरे, हे सगळं त्या एका फुंकरीत येतं म्हणे. मी आरशासमोर म्हणून पाहिला. मेगाब्लॉकच्या रविवारी तो तोंडात फार चांगला बसतो.

पण ‘ठाण्यासारखंच’ हा शब्द घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा काही केल्या खाली उतरेना. आणि एका दुपारी, काही कारण नसताना, लक्षात आलं, की ठाणं बेटावरच आहे. हे काही गुपित नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, खाली माहीमची. या पाण्याच्या मधली साष्टी, सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. भरावाने तिची दक्षिणेकडची शीव पार बुजली खरी, पण कळवा सोडून गाडी खाडीवर येते तेव्हा आपण मुख्य भूमी सोडत असतो, आणि ठाण्याच्या फलाटावर पाय ठेवतो तो बेटावर. बत्तीस वर्षं मी रोज सकाळी एका उष्णकटिबंधीय बेटावरच्या प्राचीन बंदरात उतरत होतो. कुणी एकदाही गळ्यात फुलांचा हार घातला नाही. घातला तो एकदाच, निवृत्तीच्या दिवशी, आणि तो झेंडूचा होता.

बंदर म्हणजे तरी कसलं! मार्को पोलो ठाण्याविषयी लिहून गेलाय, की इथल्या राजाचं समुद्री चाच्यांशी साटंलोटं होतं: लूट तुमची, पण त्यात घोडे सापडले तर ते आमचे. इतका स्वच्छ करार पुढच्या राज्यकर्त्यांना जमला नाही. त्याच्यानंतर चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा इटालियन साधू आला. त्याला गाव आवडलं, झाडी आवडली, पण उंदीर पाहून तो हबकला. त्याने नोंदवून ठेवलंय, की इथले उंदीर कुत्र्यांएवढे असतात आणि मांजरींचा त्यांच्यापुढे पाड लागत नाही, म्हणून ते कुत्र्यांकडून धरवतात. प्रवासी लोक अतिशयोक्ती करतात असं म्हणायची पद्धत आहे. मी मात्र रात्री उशिरा रुळांकडे पाहत उभा राहिलेला माणूस आहे. ओडोरिकला मी खोटारडा म्हणणार नाही.

कल्याण तर त्याहून जुनं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी पोथीत, ‘पेरिप्लस’मध्ये, ‘कॅलिएना’ म्हणून ते येतं आणि येतं तेच तक्रारीसकट: पूर्वी इथं रीतसर व्यापार चाले, आता अडवणूक होते, चुकून एखादं ग्रीक जहाज शिरलंच तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. म्हणजे कल्याणचा जगाच्या इतिहासातला इतका जुना उल्लेख, तोही गाडी दुसरीकडे वळवल्याचा आहे. तो उतारा वाचताना मला अगदी फलाटावर उभं असल्यासारखं वाटलं. पुढे 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या काठी, दुर्गाडीजवळ, मराठी आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या खाडीच्या कुशीत आम्ही तीन पिढ्या राहिलो आणि पोहायला शिकलो नाही.

तरी दर्यावर्दीपणा आमच्यात अगदीच उरला नाही असं म्हणवत नाही. 1976 साली ‘होकुलेआ’ नावाची जोडहोडी हवाईहून निघाली आणि महिन्याभराने, होकायंत्राशिवाय, पापेएतेला लागली. जुने पॉलिनेशियन लोक खरोखर तारे पाहत समुद्र ओलांडत होते की वाऱ्याबरोबर कुठंही वाहवत जात होते, हा वाद तिला मिटवायचा होता. वाट दाखवणारा माऊ पियाइलुग हा मायक्रोनेशियातल्या सातावल बेटाचा. ढगांनी आभाळ झाकलं, तारे दिसेनासे झाले, की असा वाटाड्या होडीच्या तळाशी आडवा होतो आणि पाठीला लागणाऱ्या लाटांच्या हेलकाव्यावरून दिशा ओळखतो. धक्क्यावर हजारोंनी माणसं लोटली होती. मीही असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या, पण थक्क झालो नसतो. कारण चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, बॅग पोटाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेला माणूस मी रोज पाहिलाय. कोपर सोडल्यावर तिवरांच्या चिखलाचा वास त्याच्या नाकाला लागतो. मुंब्र्याला डोंगराच्या अंगाने गाडी वळते तेव्हा त्याचा खांदा आपोआप शेजाऱ्याच्या खांद्यावरून उठतो. कळव्याला तो कूस बदलतो. पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, आणि ठाण्याचा फलाट यायच्या बरोबर आठ सेकंद आधी तो डोळे उघडून उभा राहतो. तारे नाहीत, होकायंत्र नाही. त्याच्यासाठी आजवर कुठल्या धक्क्यावर कुणी लोटलं नाही; लोटतात ते त्यालाच, दारातून.

हे सगळं मी हिला सांगितलं आणि म्हटलं, “अगं, आपण उद्या बेटावर जाऊन येऊ.” ही मालवणकडची. समुद्राचं तिला कौतुक नाही. माहेरच्या गावात अजून उलांडीच्या होड्या आहेत, कडेला आडवं लाकूड जोडलेल्या, अगदी त्या पॉलिनेशियन होड्यांच्या चुलत बहिणी. त्यामुळे ताहितीची माझी एकेक नवलाई ती अंगणातल्या वस्तूसारखी उचलून बाजूला ठेवत गेली. ते लोक अळकुड्या खातात म्हटलं, तर “मग? आम्ही काय टाकून देतो?” कॅप्टन ब्लाय 1788 साली ‘बाउंटी’ घेऊन खास एका झाडाच्या रोपांसाठी ताहितीला गेला, परतताना खलाशांनी बंड केलं आणि हजारावर रोपं समुद्रात फेकून दिली, हे मी रंगवून सांगितलं. झाड कुठलं, तिने विचारलं. नीरफणस. ती एवढा वेळ शांत होती, ती एकदम हळहळली. कॅप्टनला होडीत सोडून दिल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. “रोपं कशाला फेकायची? किती कापं झाली असती.”

आमच्या ग्रिलमध्ये एका कुंडीत अनंत आहे. पावसाळ्यात एखाददुसरं फूल येतं. त्या दिवशी एक आलं होतं, तिने ते पिनेने अंबाड्याला लावलं. मी सांगितलं, की ताहितीचं तियारे म्हणजे या अनंताचंच भावंड. तिथं ते कानावर खोचतात. उजव्या कानावर असेल तर मन मोकळं आहे, डाव्यावर असेल तर कुणाला तरी दिलेलं आहे. तिने छत्री शोधता शोधता माझ्याकडे पाहिलं. “चाळीस वर्षांनी तुम्हाला आता कुठला कान ते ठरवायचंय?”

दुपारची गाडी, बसायला जागा, खिडकीबाहेर पाऊस. खाडीवर आलो तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीतलं नाणं सोडलं, कपाळाला लावलं आणि खिडकीच्या गजांतून पाण्यात टाकलं. बेटावर उतरण्याचं हे जकातीसारखं काहीतरी असावं. बत्तीस वर्षांची माझी थकबाकी किती झाली असेल, याचा हिशेब करेपर्यंत ठाणं आलं. पर्यटक म्हणून उतरल्यावर कळेना, आता काय करायचं. मग तलावपाळीला गेलो. होड्या काठाला पालथ्या, पाणी पावसाने शहारलेलं. तलावांचं गाव हे, पाण्याची परडी म्हणायला अगदी हरकत नाही. परडी गळते ती वरून. एका छत्रीत उभं राहून दोघांत एक कणीस खाल्लं. कणीसवाल्याने लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून दाण्यांवरून अशी फिरवली, की जणू सतार लावतोय. ही म्हणाली, “छान आहे हो तुमचं बेट.” थट्टा होती की नाही, छत्रीवर पाऊस वाजत असल्याने नीट कळलं नाही.

परतताना संध्याकाळ झाली होती आणि फलाटावर भरती. चढणं देवाच्या हातात. देवाने मला एका डब्यात टाकलं, हिला लेडीजमध्ये. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर. मी कुणाच्या तरी बॅगेवर हनुवटी टेकून मुख्य भूमीवर परत आलो. डोंबिवलीला उतरून पुलाच्या पायऱ्यांपाशी शोधत राहिलो. शेवटी ती दिसली. साडीची घडी मोडलेली, छत्री वाकलेली, अंबाडा सुटून मानेवर आलेला, आणि अनंताचं फूल, कडा पिवळट झालेलं, कानावर. डाव्या.

मी पाहतच राहिलो.

“गर्दीत पिन पडली,” ती म्हणाली. “चला, दूध घ्यायचंय.”