ग्रिलवाले भाऊजी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पुरुषांची एक जमात मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, जागी होते. एरवी या गृहस्थांना घरात साखरेचा डबा कुठे असतो हेही ठाऊक नसतं. पण मागच्या अंगणातल्या ग्रिलवरचं कव्हर निघालं, की अंगात ॲप्रन, हातात चिमटा आणि तोंडी हुकूम! न्यू जर्सीतले आमचे भाऊजी याच जमातीचे.

भाऊजींना कोळशाचंच ग्रिल लागतं. शेजाऱ्याच्या गॅसच्या ग्रिलला ते ‘बाहेर ठेवलेली शेगडी’ म्हणतात. कोळसा पेटवायला रॉकेलसारखं काही ओतलेलं त्यांना खपत नाही. पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे, खाली चुरगळलेला कागद. कोळशांवर राखेची पांढरी साय धरेपर्यंत पाहुण्यांना कथा ऐकावी लागते : १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं पाण्यात तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा कापून हे गोल झाकणाचं ग्रिल कसं बनवलं. ताई ही कथा कांदा चिरता चिरता ओठांतल्या ओठांत सोबत म्हणते.

तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. दीड इंच जाडीचा रिबआय स्टेक मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडा ठेवायचा. तेवढ्यासाठी ताईच्या दह्याची पातेली हद्दपार. दुसऱ्या दिवशी तो कागदानं टिपून टिपून कोरडा करायचा. “ओलं मांस वाफेवर उकडतं, भाजलं जात नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. कोळसे एका अंगाला रचलेले, दुसरं अंग मोकळं. चरबी ठिबकून भडका उडाला, की स्टेक चपळाईनं मोकळ्या बाजूला.

“जोरात भाजलं की रस आत कोंडला जातो ना?” असं कुणी विचारलंच, तर भाऊजी खूश. “ती लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सोडलेली पुडी! भाजायचं ते चवीसाठी.” ताटातलं लाल पाणी बघून एखाद्या मावशी “अगबाई, रक्त!” म्हणाल्या, की लगेच, “रक्त नव्हे मावशी, मायोग्लोबिन.” मावशी ताट किंचित लांब सरकवतात.

थर्मामीटर १३० फॅरनहाइटच्या आसपास आला, की स्टेक उतरवायचा. इथलं कृषी खातं १४५ सांगतं, तो आकडा भाऊजी हलक्या आवाजात उच्चारतात. “माझा पूर्ण शिजवा हं,” म्हणणाऱ्याला मात्र उत्तर ठरलेलं : “चपला दाराबाहेर आहेत, त्यातली एक घे.” बोलतात असं, पण त्याचा तुकडा गुपचूप आणखी भाजूनही देतात.

मग येते खरी परीक्षा. “हात लावू नका! दहा मिनिटं विश्रांती घेऊ दे त्याला.” तोवर ताईनं बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं, मुलांचा पास्ता आणि सासऱ्यांचा वरणभात असं सगळं उभ्या उभ्या उरकलेलं असतं. एकदा ती म्हणालीच, “दहा मिनिटं अशी विश्रांती मिळणार असेल, तर मलाही मीठ चोळा.”

भारतातून आईचा फोन आला आणि तिनं “काय भाजतोयस रे?” विचारलं, की “मटण, आई.” पण हाच माणूस श्रावण काटेकोर पाळतो. ऐन ग्रिलच्या हंगामात कालनिर्णय बघून गटारी दणक्यात होते आणि पुढचा महिनाभर त्याच जाळीवर पनीर अन् सिमला मिरची. थर्मामीटर मात्र पनीरमध्येही खुपसला जातो.

स्टेकची विश्रांती संपली, की भाऊजी मांसाच्या धाग्यांना आडवी सुरी चालवत काप करतात, मधले गुलाबी काप पाहुण्यांना वाढतात आणि पहिल्या घासाला प्रत्येकाचा चेहरा न्याहाळतात. स्वतः सगळ्यात शेवटी, ग्रिलपाशी उभ्यानंच, गार झालेला कडेचा तुकडा खातात.

तेव्हा अशा भाऊजींचं बोलावणं आलं, तर जरूर जा. निघताना थोडं खाऊन निघा, कारण त्यांचा ‘अर्धा तास’ दोन तासांचा असतो. चिमट्याला हात लावू नका, केचप मागू नका, पहिल्या घासाला मनापासून “वा!” म्हणा. आणि जेवण झालं की भांडी घासायला उठा. भाऊजी ग्रिलची जाळी तेवढी घासतात.