साडू, मिसळ आणि सीतागुंफा

पंचवटीत राहणाऱ्या माणसाची पहिली अडचण ही, की पंचवटी नावाच्या बऱ्याच गोष्टी पंचवटीत नाहीत. पंचवटी एक्स्प्रेस मनमाडहून निघते आणि मुंबईला जाते. आमच्यासाठी ती थांबते नाशिकरोडला, म्हणजे घरापासून दहाएक किलोमीटरवर. पंचवटी नावाचं जुनं हॉटेल आहे, पण ते नदीपलीकडे वकीलवाडीत. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाला म्हणून गाव आहे. तिथले लोक तर खरी पंचवटीच आमची म्हणतात. एवढं सगळं वजा जाऊन गोदावरीच्या डाव्या तीरावर जी उरली, तिथे आम्ही राहतो. इथे काळाराम आहे, वड आहेत, रिक्षा आहेत आणि 'इकडे चांगलं खायला कुठे मिळतं हो?' असं विचारणारी माणसं आहेत.

हा प्रश्न पंचवटीकराला विचारू नये. त्याला ठाऊक नसतं. बाहेर जेवायचं ठरलं की पंचवटीकर अंगावर बरे कपडे चढवतो, 'जरा गावात जाऊन येतो' म्हणतो आणि पूल ओलांडतो. कॉलेजरोड, गंगापूररोड, मेनरोड, कुठेही जाईल; पण घराजवळ खाणं म्हणजे त्याला बाहेर खाल्ल्यासारखंच वाटत नाही. पलीकडचे नाशिककर आमच्याकडे येतात ते मुख्यतः दोन कामांना: रविवारी मिसळ खायला, आणि कुणाचा दहावा असला तर. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी घेऊनच परततात.

असं असताना मी मार्गदर्शक कसा झालो? साडूंमुळे.

आमचे साडू डोंबिवलीचे. साडू हे नातंच अवघड. एकाच परीक्षेला दोघं बसलेले आणि निकाल दर दिवाळीला सासरी वाचून दाखवला जाणार, असा हा मामला. त्यात साडू खाण्यातले दर्दी. फोनवर म्हणाले, "या खेपेला ताईंना घरात काही करू द्यायचं नाही. सगळं बाहेर. तुम्ही तिथले माणूस, तुम्ही दाखवायचं, आम्ही खायचं."

"हां हां, या की! अशा अशा जागा दाखवतो, की..." मी म्हणालो. पुढचं वाक्य मला सुचलं नाही, कारण जागाच सुचली नाही. बायको शेजारी भाजी निवडत होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वास्तविक मी सावध व्हायला हवं होतं. खायला मागत दारी आलेल्या पाहुण्याने काय होतं, हे पंचवटीइतकं कुणाला ठाऊक आहे? रावण इथे 'भिक्षां देहि' म्हणतच आला होता. पण त्रेतायुगाचा अनुभव कलियुगात कोण लक्षात ठेवतो!

शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मंडळी निघाली. मी सांगून ठेवलं होतं, "स्टेशनवरून रिक्षा करा, पंचवटीत या, आपण हॉटेलातच भेटू." मी पंचवटी कारंजावर जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहिलं की पाच मिनिटांत माणसाचा यात्रेकरू होतो. पहिला रिक्षावाला थांबून म्हणाला, "भाईसाब, तपोवन, सोमेश्वर, मुक्तिधाम, सब दिखाएँगे." मी बाणेदारपणे म्हणालो, "मी इथलाच आहे." तो म्हणाला, "मग इथे का उभे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, आम्ही पोचलो. बसलोय. सूपसुद्धा सांगितलं. झकास आहे तुमचं पंचवटी!"

साडूंनी रिक्षावाल्याला 'पंचवटी' आणि 'हॉटेल' हे दोन शब्द त्या क्रमाने सांगितले होते, आणि त्याने इमानेइतबारे त्यांना वकीलवाडीत नेऊन सोडलं होतं. मी पूल ओलांडून गावात गेलो. पंचवटीतल्या खाण्याची माझी मार्गदर्शक सहल अशी नदीच्या उजव्या तीरावर सुरू झाली. जेवण उत्तम होतं. बिल मी दिलं, कारण यजमान मी होतो, निदान त्या तीरावर तरी.

रविवारची सकाळ मात्र माझी होती. नाशिकला रविवारी सकाळी मिसळ खाणं हा छंद नाही, तो वार आहे. आमची मिसळ काळ्या मसाल्याची. ताटलीत मोड आलेल्या कडधान्याची उसळ, वर शेव, शेजारी कांदा, लिंबू, दही, पापड, पाव आणि वेगळ्या वाटीत तो तांबूसकाळा रस्सा. पुणेकर त्यात पोहे शोधतात, कोल्हापूरकर तिखटपणा मोजतात. नाशिककर काही बोलत नाही, रस्सा परत मागतो. अलीकडे मखमलाबाद रस्ता, गंगापूररोड अशा अंगाला शेतात मिसळीची ठिकाणं झाली आहेत. चुलीवरची मिसळ, झाडाला झोके, पोरांना खेळायला ससे. माणसं मिसळ खायला जातात आणि सशांचे फोटो काढून येतात. पंचवटी कारंजा आणि मालेगाव स्टँडच्या बाजूला अजून ती जुन्या पद्धतीची, बाकड्यावर दाटीवाटीने बसून, शेजाऱ्याच्या कोपराशी जुळवून घेत खायची मिसळ टिकून आहे.

पण मला प्रसिद्ध जागा नको होती. प्रसिद्ध जागा साडूंच्या मोबाईलमध्येही होत्या. मी म्हणालो, "ते सगळं बाहेरच्यांसाठी. मी तुम्हाला आमच्या लोकांची जागा दाखवतो." एका गल्लीत शिरलो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. कॉलेजात असताना मी तिथे मिसळ खाल्ली होती. त्या जागी आता मोबाईलला काच लावून मिळत होती. साडूंनी दुकानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने स्वतःच्या मोबाईलला काच लावून घेतली. पैसे मी दिले.

शेवटी साडूंच्या मोबाईलमधल्याच एका ठिकाणी गेलो. बाहेर ही गर्दी! नाव लिहून देऊन उभं राहायचं. साडूंनी आत जाऊन पोऱ्याशी दोन शब्द बोलून टेबल मिळवलं. "मागे ऑफिसच्या कामाला आलो होतो तेव्हा खाऊन गेलो होतो," ते म्हणाले, "ओळख ठेवलीय पोरांनी." मला पोऱ्याने विचारलं, "आपको तीखा चलेगा, साब?"

इथे माझा तोल गेला. आयुष्य नाशिकमध्ये गेलेल्या माणसाला, त्याच्या साडूसमोर, हिंदीत, तिखट चालेल का म्हणून विचारायचं? मी म्हणालो, "सगळ्यात तिखट आण. आणि तर्री वेगळी."

त्यानं आणली.

पहिल्या घासाला मी हसलो. दुसऱ्या घासाला कानशिलं तापली. तिसऱ्याला समोरची मेहुणी दोन दिसायला लागली. साडू मध्यम तिखट घेऊन, दह्याचा चमचा मधूनमधून सोडत, "काळ्या मसाल्याची चव अशी सावकाश घ्यावी लागते" वगैरे बोलत होते. मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे मी मान हलवत राहिलो, आणि प्रत्येक मान हलवण्याला पोऱ्या होकार समजून वाटी भरत राहिला. बायको म्हणाली, "अहो, पुरे." मी पुरे म्हणायलासुद्धा तोंड उघडू शकत नव्हतो. मग जिलबी मागवली. जिलबीने तिखट उतरतं असं म्हणतात. उतरत नाही, तिखटाच्या सोबतीला गोड बसतं, एवढंच.

अशा अवस्थेत माणसाने घरी जाऊन आडवं व्हावं. मी मंडळींना सीतागुंफेत नेलं.

सीतागुंफेबद्दल पाहुण्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी, जी मी सांगितली नाही. गुंफेची वाट अरुंद आहे. पायऱ्या उतरताना वाकायचं, पुढे तर बसून सरकायचं. उपाशीपोटी, बारीक माणसाला काही अडचण येत नाही. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्या सुळ्कन गेल्या. मग मी. अर्धा गेलो. पोटात मिसळ, रस्सा, पाव, जिलबी आणि पापड असा ऐवज, आणि दोन्ही बाजूंनी दगड. मागून कुणीतरी गुजरातीत काहीतरी बोललं, त्यावर मागची रांग हसली. साडूंचा आवाज आला, "श्वास सोडा, भाऊ! सगळा सोडा!" त्या मिसळीनंतर सगळा श्वास सोडणं सुरक्षित नव्हतं. शेवटी पुढून आजींनी हात ओढला, मागून साडूंनी ढकललं, आणि मी राम-लक्ष्मण-सीतेसमोर लोटांगण घातल्यासारखा जाऊन पोचलो. पुजारी म्हणाले, "भक्ती असावी तर अशी."

तिथून रामकुंडावर. वाटेत कपालेश्वर. महादेवाचं मंदिर, पण समोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायची वाट नंदीने दाखवली म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं आणि समोर बसवलं नाही, अशी कथा सांगतात. साडू घाटावरच्या गाड्यांकडे बघून म्हणाले, "मला वाटतं पार्किंग मिळालं नसेल." हा विनोद मी करायला हवा होता. इतकी वर्षं इथे राहतो.

रामकुंड हे पंचवटीतलं सगळ्यात जुनं खाण्याचं ठिकाण म्हणायला हरकत नाही. इथले चोखंदळ खवय्ये म्हणजे कावळे. देशभरातून लोक दहाव्याला, अस्थी विसर्जनाला इथे येतात. पिंड मांडले जातात, सगळे नातेवाईक हात जोडून उभे राहतात आणि कावळे समोरच्या कठड्यावर बसून विचार करतात. रोजचीच मेजवानी, त्यामुळे घाई नाही. कुणी म्हणतं धाकट्याच्या लग्नाचं बघू, कुणी म्हणतं जमिनीचं भांडण मिटवू, तेव्हा कुठे एखादा चोच लावतो. नाशिकमध्ये याहून कडक परीक्षक नाही. मी घाटाच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. डोळे लाल, नाक वाहतंय. एक गुरुजी जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "धीर धरा. दहावा कुणाचा?" साडू म्हणाले, "मिसळीचा." गुरुजींना गोष्ट कळली असावी, कारण ते म्हणाले, "मग थंड ताक घ्या," आणि पुढच्या यजमानाकडे गेले.

त्या दिवशी माझ्या हातून एकच गोष्ट नीट झाली, ती भेळभत्ता. तीही माझ्या नियोजनाने नाही, घर गाठायची ताकद नव्हती म्हणून. उन्हं कलली, गंगेवर वारा सुटला. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. भेळवाल्याने मुरमुरे, शेव, डाळं, कांदा कालवून कागदावर ढीग घातला, वर मीठ लावलेली तळलेली मिरची. काट्याचमच्याची भानगड नाही. मिरचीकडे मी पाहिलंही नाही. समोर दुतोंड्या मारुती उभा होता. पावसाळ्यात गंगेला पाणी किती, हे आम्ही अजून या मारुतीवरून मोजतो: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पाणी वाढायला लागलं की काठावरची दुकानं, गाडे भराभर उचलतात, आणि ओसरलं की गाळ उपसून परत त्याच जागी येतात. खाण्याच्या यादीत हे कुणी लिहीत नाही, पण पुरानंतर गाडा परत लागला, हीच इकडे खाऊच्या दर्जाची पावती. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, त्या दिवशी भेळभत्त्याला खरा रंग. कुणी भाजीच्या पिशवीवर बसून खातं, कुणी उभ्याने.

रात्री साडूंना काळ्या मसाल्याचं मटण हवं होतं. देवळांच्या परिसरात ते शोधू नये, मिळत नाही, मिळू नये. त्यासाठी आडगावच्या अंगाला आग्रा रोड धरायचा. गेलो. साडूंनी भाकरी कुस्करून रस्सा ओरपला, मेहुणीने आणि बायकोने शेवभाजी संपवली. माझ्यासाठी वेटरने न विचारता दहीभात आणला. "आजारी माणसाला घेऊन कशाला फिरता?" असंही त्याने साडूंना सुनावलं.

सोमवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मंडळी परत गेली. तेव्हापासून परिस्थिती अशी आहे: डोंबिवलीतलं कुणी नाशिकला निघालं की साडू त्याला कुठे काय खायचं ते सांगतात. मला कुणी विचारलं तर मीही साडूंनाच फोन लावून देतो. परवा आमच्याच गल्लीतल्या एकाने हिरावाडीजवळ चांगला पाववडा कुठे मिळतो म्हणून विचारलं, तोही डोंबिवलीहून कळला.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. तुम्ही याल, आणि भूक लागेलच. मिसळ सकाळी नवाच्या आत, तिखट मध्यम, त्याआधी सीतागुंफा, भेळभत्ता बुधवारी. आणि वाट दाखवायला पंचवटीकर सोबत घेऊ नका. तो जेवायला गावात गेलेला असतो.