चोरावा तर पेरासकट

मनी प्लांट विकत आणायचा नसतो, चोरून आणायचा असतो, तरच घरात पैसा येतो. आमच्या सोसायटीत मेन्टेनन्स वेळेवर भरण्यापेक्षा हा नियम जास्त कसोशीने पाळला जातो. एरवी भाजीवाल्याने चुकून दिलेले दोन रुपये परत करायला जिना उतरणारी माणसं, जिन्यातल्या कुंडीपाशी आली की मागेपुढे बघतात आणि एक पान खुडून पर्समध्ये टाकतात.

चोरीला माझी हरकत नाही. चोरीच्या दर्जाला आहे. नुसतं पान काय नेता? ते पाण्यात महिनोन् महिने हिरवंगार राहील, फार तर देठाला मुळंही धरेल, पण त्याला कोंब काही फुटायचा नाही. वेल वाढते ती पेरातून. देठ खोडाला जिथे भेटतो तिथे जाडसर गाठ असते आणि तिच्या अंगाला एक तपकिरी, बोथट टोक पुढे आलेलं दिसतं. ते हवेतलं मूळ. त्या पेराच्या जरा खाली कापायचं. पेर पाण्यात, पान बाहेर. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं सुटतात. पाणी मात्र दर आठवड्याला बदला, नाहीतर बाटलीत मुळांआधी डासांच्या अळ्या होतात आणि मग महापालिकेची माणसं येऊन दारावर नोटीस चिकटवतात.

हा गडी मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, हे २०१६ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे ठाण्यातला, साताऱ्यातला आणि न्यू जर्सीतल्या मावशींच्या खिडकीतला मनी प्लांट हे सगळे कुणाच्या तरी वेलीचे तुकडेच! चोरीचा नियम ज्याने काढला त्याचं वनस्पतिशास्त्र अगदी पक्कं असणार.

घरी नेल्यावर मग छळ सुरू होतो.

‘‘अहो, रोज पाणी घालते, तरी पानं पिवळी पडतायत,’’ तळमजल्यावरच्या काकू.

‘‘तरी नाही हो काकू, म्हणूनच.’’

काकूंना हे पटलं नाही. कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली, मातीला आंबूस वास, वर चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवण. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून वेल मलूल दिसते. मग आपल्याला तिची दया येते आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. मातीत बोट खुपसा. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर हात मागे. हे सांगितल्यावर काकूंनी माझ्याकडे, सुनेला जेवू घालू नका म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

राहता राहिला पैसा. तो मनी प्लांटमुळे आलेला मी एकाच घरी पाहिला आहे : नर्सरीवाल्याच्या. आणि तो तर रोपं रोख पैशांत विकतो.

तेव्हा, जिन्यातल्या चोरांनो, माझ्या कुंडीशेजारी कात्री टांगून ठेवली आहे. खुशाल न्या, पण पेरासकट न्या.