खाडाखोडीला सही

चौतीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झालो आणि सर्जनशील लेखनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळी विशी-बाविशीतली. पहिल्या दिवशी मुलं मला सर समजून उठून उभी राहिली. मग खरे सर आले, ते मला पालक समजले.

गृहपाठ असा, की दर आठवड्याला कुणा आधुनिक कवीची एक कविता वाचायची आणि तिच्यावर आपलं मनोगत सांगायचं. कविता मिनिटभराची असली तरी मनोगताला वेळेची मर्यादा नव्हती. अमर्याद उचल द्यायची चूक कुठल्याही बँकेने केली नसती. एकाने बारा ओळींच्या कवितेवर बोलताना आजोळच्या विहिरीपासून सुरुवात केली. तो विहिरीतून वर आला तेव्हा माझी शेवटची बस गेली होती.

मी अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ घेतली. कारण वाङ्मयीन नव्हतं. खंडोबा आमचं कुलदैवत, तेव्हा जागा तरी माहितीची. तिथे नऊ लाख पायऱ्या आहेत असं म्हणतात, आणि माझ्या गुडघ्यांना तो आकडा मान्य आहे. तालीम म्हणून बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

“हे पुस्तक १९७६ साली आलं. मूळ इंग्रजीत. ३१ कविता. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.”

“खंडोबावर? इंग्रजीत?”

“देवावर नाही गं. म्हणजे, आहे देवावरच, पण...”

“तीस वर्षं दरवर्षी जेजुरीला जातोय आपण. तुम्ही काय आणलंत? भंडाऱ्याने पिवळे झालेले शर्ट. माझ्या हाताची सालं निघाली, डाग नाही निघाले.”

मी म्हटलं, बँकेच्या नोकरीत सुचायला सवड कुठली.

“आणि ते काय करायचे?”

“जाहिरातीच्या धंद्यात होते,” असं मी बोलून गेलो, आणि चौतीस वर्षं जपलेलं सबबीचं खातं तिथल्या तिथे बंद झालं.

कविता ऐकवण्यात हा धोका जुनाच आहे म्हणा. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ निघालं. पुण्यातले कवी चहाला जमून एकमेकांना कविता ऐकवू लागले. १९२५ साली अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली आणि त्या कवितांच्या चिंध्या झाल्या. मंडळाला निदान दोन वर्षं तरी मिळाली. आमच्याकडे चहा गाळून होईपर्यंत निकाल लागतो.

पुढच्या आठवड्यात स्वतःची कविता न्यायची होती. मी नोकरीच्या शेवटच्या दिवसावर मुक्तछंदात लिहिलं. मुक्तछंद सोपा असेल असा माझा समज होता. पण वृत्तात निदान मात्रा मोजून बेरीज जुळली की नाही ते कळतं. इथे टॅली कशाशी करायची? खोडत गेलो, लिहीत गेलो. आणि सवयीने प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही करत गेलो. ही खोड हाडात मुरली आहे. वाणसामानाच्या यादीत तूरडाळ दोन किलोची दीड केली, तरी शेजारी माझी सही असते.

वर्गात सरांनी कागदांची अदलाबदल करायला लावली. दुसऱ्याने वाचायचं आणि कवीने तोंड उघडायचं नाही. माझा कागद एका मुलीकडे गेला. आता माझ्या नावाचं आद्याक्षर अ आणि आडनावाचं रे, त्यामुळे छोटी सही ‘अ. रे.’ अशी होते. तिने वाचायला सुरुवात केली आणि दर दोन ओळींनी थांबून, खोल आवाजात, ‘अरे’ म्हणू लागली.

“खुर्ची रिकामी... अरे... खुर्ची माझी नव्हतीच... अरे!”

वर्ग स्तब्ध. माझी मान खाली. एवढे ‘अरे’ मला कुणा साहेबानेही कधी ऐकवले नव्हते.

चर्चा रंगली. एक म्हणाला, शब्द खोडल्यावर कवी स्वतःलाच हाक मारतो, हे फार रिलेट झालं. दुसरीला त्यात व्यवस्थेने गिळलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. हे मात्र तिचं अगदी बरोबर होतं, कारण तसं परिपत्रकच होतं. सरांनी चष्मा पुसत विचारलं, “काका, हा ‘अरे’ सुचला कसा?”

खरं सांगावं असं मनात आलं. पण मनोगताला वेळेची मर्यादा नव्हती, तशी मौनालाही नव्हती. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याचीही वहीत नोंद झाली.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि कागद मागितला. पहिल्यांदाच तिने माझी कविता वरपासून खालपर्यंत वाचली. कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाही. मी समोर बसून वाट पाहत राहिलो.

“हे बघा,” सातव्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “इथे खोडलंय, पण सही राहिलीय.”