टीव्ही लागला का?

जुन्या कॉम्प्युटरला एचडीएमआय वायर जोडून मी गारखेड्यातल्या हॉलचं थिएटर केलं. त्यात कोडी हे मीडिया प्लेअर टाकलं, अँटेनासाठी डीव्हीबी-टी२ ट्यूनर बसवला. 2016 मध्ये दूरदर्शनने अँटेनावर फुकट डिजिटल चॅनेल दाखवायला 16 शहरं निवडली. त्यांत पुणं नव्हतं, आपलं (तेव्हाचं) औरंगाबाद होतं! हा अभिमान मी गच्चीवर, टाकीच्या पाइपला तारेने बांधला. पण आठवड्याने नळ आला की टाकीत डोकावायला जो वर जातो, तो अँटेना हलवून येतो.

ओटीटीची तऱ्हा निराळी. पैसे घेतात, पण माझ्या लिनक्सवर भरवसा ठेवत नाहीत. वाइडवाइन या कॉपी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी नाही म्हणून 4के पडद्यावर चित्र ताकासारखं पातळ.

परवा शेवटची ओव्हर, 9 धावा हव्या. दोन रिमोट, एक कीबोर्ड आणि माउससाठी पाट मांडून बसलो होतो. आतून आई ओरडली, "नळ आला रे!" मोटर सुरू झाली, व्होल्टेज बसलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला.

शेजारच्या काकूंच्या घरातून फ्री डिशवरचा जल्लोष ऐकू आला.

"जिंकले वाटतं," आई म्हणाली. "आता बादल्या लाव."